वहिनीच्या ड्युटीत बंद पडणारं गेट

उरणजवळच्या एका कंटेनर यार्डात माझी वहिनी गेटच्या केबिनमध्ये बसते. एक बटण आत जाणाऱ्या ट्रेलरचं, एक बाहेर येणाऱ्याचं. दाबलं की गाडीची नोंद होते आणि दांडा वर जातो. तिथल्या संगणकाची देखभाल आमची छोटी कंपनी करते. त्यातलं कर्नेलचं, म्हणजे अगदी गाभ्यातलं, काम माझ्याकडे.

तो संगणक मेमरी संपून बंद पडायला लागला, आणि तोही नेमका वहिनीच्या ड्युटीत. ट्रेलरांची रांग मिठागरांपर्यंत जायची. बाई आरामासाठी मशीन बंद करते, पुन्हा झालं तर काढून टाकीन, असं मॅनेजर सगळ्या ड्रायव्हरांसमोर तिला बोलला. ऐकून माझं डोकंच फिरलं.

वहिनी रडवेली झाली होती. "भावजी, मी मशीनला हात पन लावत न्हाय. बटनं दाबते, तवढंच."

मी तिला दाबून दाखवायला सांगितलं. तिने दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली. बाकीचे एकेक गाडी सोडतात; हिला कुणाला ताटकळत ठेवणं जमत नाही. घरीही तसंच, एक हात भाकरीला, एक कालवणाला.

मग उलगडा झाला. प्रत्येक नोंदीसाठी मेमरीचा एक तुकडा घेऊन ठरलेल्या जागी ठेवायचा आणि काम झालं की परत करायचा, अशी रीत. दोन नोंदी एकाच क्षणी आल्या की दोघींनाही जागा रिकामी दिसे. दुसरीचा तुकडा पहिलीच्या जागी बसे आणि पहिलीचा परत करायचा राहून जाई. याला रेस कंडिशन म्हणतात. असे तुकडे हरवत हरवत मेमरी संपत होती.

मॅनेजर म्हणाला, मग बाईंना एका हाताने काम करू दे. मी साफ नकार दिला. एका नोंदीचं होईपर्यंत दुसरीने थांबावं, असं कुलूप कोडमध्ये घातलं. दोन-चार ओळींचं काम.

नवा कोड चढवला तेव्हा वहिनीचा एक हात मांडीवरच होता. बघून फार वाईट वाटलं. दोन्ही हात चालव म्हटलं, तर ती आधी मॅनेजरकडे बघायला लागली. त्याने मान हलवली.

ड्युटी संपेपर्यंत मेमरी घटली नाही. मॅनेजर, "चला, झालं," म्हणत निघाला.

"साहेब," वहिनी म्हणाली, "त्या दिशी सगल्यांसमोर बोललात. आता पन सगल्यांसमोर बोला."

बाहेर ड्रायव्हर चहा पीत उभे होते. तो त्यांच्यापाशी गेला आणि बोलला.