पाणवठ्यावरचा चिखल

गारगोटीपलीकडच्या जंगलात मी उन्हाळी इंटर्नशिप केली, ती एका वनरक्षकांच्या हाताखाली. मी त्यांना मामा म्हणायचो; ते मला शेवटपर्यंत ‘पावणं’च म्हणत राहिले. आवाज असा दणदणीत, की जनावरं त्यामुळंच दिसत नसावीत. रविवारी वाघ बघायला गाड्या घेऊन येणाऱ्यांना ते ओरडून सांगायचे, “हितं गव्याबिगर काय न्हाय!”

रोज संध्याकाळी मामा पाणवठ्याकाठचा चिखल अंगण सारवल्यासारखा गुळगुळीत करायचे. सकाळी त्यात उमटलेले ठसे मी वहीत नोंदवायचे, एवढंच काम.

एका सकाळी गव्यांच्या खुरांमध्ये पंजाचा ठसा दिसला, माझ्या तळहाताहून मोठा. मामा उकिडवे बसले. ठशावर त्यांनी अलगद हात ठेवला. मग उठले आणि बुटानं तो पुसून टाकला.

“गवं येऊन गेल्यात. लिवा.”

“अहो मामा, वाघ होता तो!”

“व्हय की. म्हणूनच म्हणतोय, गवं लिवा.”

मी लिहिलं, पण डोकं भणभणलं. पुसायचंच होतं, तर हा माणूस रोज एवढ्या निगुतीनं चिखल सारवतो कशाला?

शेवटच्या आठवड्यात मामा रजेवर होते. मी एकटाच पाणवठ्यावर गेलो, तर तोच पंजा, ताजा. मी उकिडवा बसून त्यावर हात ठेवला. चिखल गार होता.

वहीत ‘गवे’ लिहून झालं, तेव्हा कुठं लक्षात आलं, माझा बूट चिखलानं माखलाय.