परत करण्याचं कारण

सव्वीस वर्षं मास्तर गाडीत बसले ते कायम शेजारच्या सीटवर. शिकणारा स्टिअरिंगला लोंबकळायचा आणि मास्तरांचा पाय आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर अलगद टेकलेला असायचा. ड्रायव्हिंग स्कूल धाकट्या भावाचं. पाटीवर नाव त्याचं, ऑफिसात खुर्ची त्याची. घसा मात्र मास्तरांचा बसायचा.

तीन वर्षांपूर्वी भावाने गिअरच्या दोन्ही गाड्या काढून टाकल्या आणि एक इलेक्ट्रिक गाडी लीजवर आणली, तेव्हा मास्तर भडकले होते. "क्लच नाही, आवाज नाही, मग शिकवू काय? डोंबल?" पण चार-सहा महिन्यांत त्यांचं मत फिरलं. चढावर गाडी बंद पडेना, मागच्यांचे हॉर्न वाजेनात, घाबरट माणसंसुद्धा पटकन सुधारली. मग मास्तर रोज सकाळी स्वतः तिच्या काचा पुसायला लागले. बायको म्हणायची, "माझा चष्मा कधी असा पुसला नाहीत!"

लीजची मुदत संपली तसा भाऊ म्हणाला, "दादा, उद्या गाडी परत करून ये."

"आणि नवी?"

"बघतोय ना मी."

मास्तरांनी जुन्या टूथब्रशने सीटच्या शिवणीसुद्धा घासल्या आणि दुसऱ्या दिवशी गाडी कंपनीच्या यार्डात नेली. तपासणीला टॅब घेऊन एक बाई आली आणि थबकलीच. "मास्तर! ओळखलंत? तुमच्याकडेच शिकले. तिसऱ्या परीक्षेत पास झाले होते."

"चौथ्या," मास्तर म्हणाले, आणि दोघंही हसली.

तिने गाडीला फेरी मारली, दोन्ही किल्ल्या आणि चार्जिंगची केबल ताब्यात घेतली. "इतकी स्वच्छ गाडी इथे येत नाही हो. फक्त तो जादा ब्रेक काढावा लागेल."

मेकॅनिकने पेडल सोडवून मास्तरांच्या हातात दिलं. "हे नव्या गाडीला चालेल ना?" त्यांनी विचारलं.

बाई टॅबकडे बघत राहिली. मग तिने तो त्यांच्याकडे वळवला. परत करण्याचं कारण : व्यवसाय बंद. खाली भावाची सही, दोन महिन्यांपूर्वीची.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"होतं की. डोक्यातून गेलं," मास्तर म्हणाले आणि तिने दाखवलं तिथे त्यांनी सही केली.

फाटकाबाहेर येऊन त्यांनी भावाला फोन लावला.

"तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, दादा."

"म्हणून गाडी माझ्याच हातून पाठवलीस?"

"मग दुसरं कोण जाणार होतं?"

"आणि पुढच्या महिन्यात ज्यांच्या परीक्षा आहेत त्यांचं काय?"

"त्यांना सांगितलंय मी. मागच्याच आठवड्यात."

म्हणजे शिकणाऱ्यांनाही ठाऊक होतं. मागच्या आठवड्यात शिकायला येणाऱ्या बेकरीवाल्या बाईने गाडीतून उतरताना उगाचच त्यांचा हात हातात घेतला होता, तो का, हे मास्तरांना आत्ता उमगलं. ते फोन बंद करून पेडल काखेत मारून बसस्टॉपकडे चालू लागले.

त्यानंतर त्यांनी दुसऱ्या दोन स्कूलमध्ये विचारून पाहिलं. दोन्हीकडे आधी वय विचारलं आणि मग "कळवतो" म्हणाले. भाऊ दोनदा घरी येऊन गेला. दोन्ही वेळा मास्तर आतल्या खोलीत झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले, आणि वहिनीशी चार शब्द बोलून तो निघून गेला.

मग एका रविवारी त्याची मुलगी आली. नुकती अठराची झालेली. "काका, मैत्रिणीची गाडी आहे. मला शिकवाल?"

"नाही."

"बाबांनी नाही पाठवलं, काका. शपथ. मीच आले."

ती खरं बोलत होती, तिचा कशातच दोष नव्हता, आणि दार लावून घेताना मास्तरांना ते पक्कं कळत होतं.