उंदरांसाठी मागे ठेवलेला ॲप्रन

मंडळी, आज दुपारी माझी पवईच्या मेंदू-संशोधन लॅबमधली इंटर्नशिप संपली. आत्ता विक्रोळीला घरी बसलेय आणि हातांना काय करावं ते कळत नाहीये.

दोन महिने माझं काम काय होतं माहितीये? उंदीर हातात घेऊन बसणं. प्रत्येकाला रोज पाच मिनिटं. माणसाची सवय नसेल तर ते घाबरतात आणि घाबरलेल्या उंदरावरचा प्रयोग फुकट जातो. म्हणून सेंट बंद, गजरा बंद. रोज तोच वास हवा.

दुसऱ्याच आठवड्यात आईने मायेने माझा ॲप्रन धुऊन, नीळ घालून, इस्त्री करून दिला. वाट लागली! रोज माझ्या बाहीत शिरून झोपणारा सात नंबरचा उंदीर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला. परत बाहीत यायला त्याने चार दिवस घेतले.

आज निघताना ॲप्रन बॅगेत भरत होते, आठवण म्हणून. तर पीएचडी करणारी वैदेहीताई म्हणाली, "अगं, तो इथेच ठेव ना. नवीन मुलगी घालेल, म्हणजे उंदीर घाबरणार नाहीत."

ठेवला. न धुता, खुंटीवर.

उद्या सात नंबर तिच्या बाहीत शिरेल. शिरायलाच हवा, प्रयोग नीट व्हायला हवा, सगळं मान्य आहे यार.

पण शिरायच्या आधी एकदा तरी थबकेल ना तो? तुम्हाला काय वाटतं?