रिकाम्या तळहातावरची पूजा

गळ्यातलं लिंग मी पहिल्यांदा उतरवलं ते कुणी सांगितलं म्हणून नव्हे. मला लाज वाटली म्हणून उतरवलं. हे लिहिताना आजही हात जड होतो, पण इथूनच सुरुवात केली नाही तर पुढचं सगळं खोटं ठरेल.

आम्ही ताडकळसचे. वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, कापडाचं दुकान. आमच्या घरात मूल जन्मलं की आमच्या मठाचे महाराज त्याच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग बांधतात. सकाळी आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, नजर लावून बसायचं आणि मगच तोंडात घास घालायचा. हे मी इतकी वर्षं करत आले की दात घासण्यासारखं झालं होतं. हात चालायचे, मन परीक्षेत असायचं. परभणीला मातीच्या अभ्यासात एम.एस्सी. करताना सहा महिन्यांसाठी बर्लिनला शिकायला जायची संधी मिळाली, तेव्हा निघताना आप्पा एवढंच म्हणाले, "तिकडं काय बी बदल, पण गळ्यातलं काढू नको."

तिथल्या वसतिगृहात एका स्वयंपाकघरात आम्ही आठजणी, सात देशांच्या. एकदा एकीनं माझ्या गळ्यातल्या चांदीच्या डबीकडे बोट करून विचारलं, यात औषध आहे का? तिनं अगदी सहज विचारलं होतं. मी हसले आणि विषय बदलला. त्यानंतर वर्गात जाताना मी डबी सदऱ्याच्या आत लपवू लागले. मग प्रयोगशाळेत माती दळायच्या यंत्राजवळ गळ्यात दोरा चालत नाही, असं तिथल्या बाईंनी सांगितलं, आणि मला आयतं कारण मिळालं. दोरा काढून मी पांढऱ्या कोटाच्या खिशात ठेवायला लागले. संध्याकाळी परत घालत असे. कधी कधी खोलीवर पोचल्यावर.

एका गुरुवारी कोटावर चिखल उडाला. घाईत मी तो धुण्याच्या पेटीत टाकला आणि निघून आले. शुक्रवारी सकाळी आंघोळ करून पूजेला बसले, गळ्याशी हात नेला, तिथं काही नव्हतं.

प्रयोगशाळेत पळत गेले तर कोट केव्हाच धुलाईला गेले होते. धुलाईचा कारखाना शहराच्या टोकाला. दोन गाड्या बदलून तिथं पोचले. खिडकीतल्या माणसानं खिशात सापडलेल्या वस्तूंचा खोका माझ्यापुढे ओतला. पेनं, किल्ल्या, केसांच्या पिना. डबी नव्हती. त्यानं माझं नाव, विभाग आणि नंबर लिहून घेतला, खांदे उडवले.

लिंग अंगावर नसताना अन्न घ्यायचं नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी ते खरंच मानते का, हे मला ठाऊक नव्हतं. पण घास तोंडाशी नेला की हात खाली यायचा. शुक्रवार गेला, शनिवार गेला. नुसतं पाणी. पुस्तक उघडलं की अक्षरं सरकायची. त्या मोठ्या यंत्रात गरगरणारी डबी, उघडलेलं झाकण, गटारात वाहून गेलेलं लिंग, हेच डोळ्यांसमोर. आप्पांना काय सांगू? त्यांनी मला पाठवलं तेव्हा भावकीतले किती जण म्हणाले होते, पोरगी तिकडं जाऊन सगळं सोडून देईल. ते खरं ठरलं होतं, आणि ते कुणाला दिसण्याआधी मला दिसलं होतं.

रविवारी सकाळी आईचा फोन आला. मी "हं" म्हणाले आणि तिनं ओळखलं.

"आवाज असा का येऊ लागलाय गं? जेवलीस का न्हाई?"

मग सगळं सांगितलं. लाजेचंही. मध्येच फोन आप्पांनी घेतला होता, ते मला कळलंही नाही.

"किती दिस झाले?" त्यांनी विचारलं.

"आज तिसरा."

"तीन दिस काय खाल्लीस?"

"पाणी पिलंय, आप्पा."

"थांब," म्हणाले आणि फोन बंद झाला. तो पाऊण तास मी भिंतीला टेकून बसले होते. आप्पा रागावले असते तर बरं वाटलं असतं. पुन्हा फोन वाजला तेव्हा पलीकडे आमचे महाराज होते. आप्पा मोटारसायकल काढून थेट मठात गेले होते.

"लेकरा, आंघोळ झाली का?"

"झाली, महाराज."

"मग बस. डावा हात पुढं धर."

"त्यावर ठेवायला काही नाही, महाराज."

"रिकामाच धर. भस्म लाव, नजर हलू देऊ नको आणि नाव घे. झालं की पोटभर जेव. दुसरं लिंग आम्ही देऊ, त्याची फिकीर तू कशाला करायलीस?"

मग आप्पा फोनवर आले. म्हणाले, "मी रागावलोय का न्हाई, ते तू आल्यावर बघू. आधी जेव."

मी बसले. तळहातावर भस्म लावलं. सुरुवातीला फक्त भीती दिसत होती. तेच यंत्र, तेच गटार. नाव घेत राहिले. हळूहळू हाताच्या रेषा दिसू लागल्या, नखात अडकलेली माती दिसली, मनगटाजवळ नाडी उडताना दिसली. ती मी चालवत नव्हते. इतक्या वर्षांत प्रथमच मी काहीतरी मागितलं. म्हटलं, देवा, मला तुला सांभाळता आलं नाही, आता तूच मला सांभाळ. लिंग परत दे असं म्हणायचं विसरूनच गेले. किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. उठले, दहीभात कालवला आणि रडत रडत सगळा खाल्ला.

मंगळवारी दुपारी विभागाच्या दारातून निरोप आला की कुणी भेटायला आलंय. खाली धुलाई कारखान्याच्या निळ्या झग्यात एक बाई उभी होती. चाळिशीची, एरिट्रिया देशातून आलेली. तिनं कागदी रुमाल उलगडला. आत माझी डबी.

आम्हा दोघींचंही इंग्रजी मोडकं, पण तिचं सगळं समजलं. शुक्रवारी यंत्राच्या जाळीत तिला ती सापडली. खोक्यातल्या वस्तू आठवड्याच्या शेवटी फेकून देतात, म्हणून खोक्यात न टाकता तिनं आपल्या कपाटात ठेवली. तेवढ्यात तिची मुलगी तापानं फणफणली आणि ती तीन दिवस घरी राहिली. कामावर परतल्यावर खिडकीपाशी माझं नाव लिहिलेली चिठ्ठी दिसली. कामाची पाळी संपवून ती तशीच आली होती.

"ही टाकायची नाही, हे तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

तिनं आपल्या गळ्यातला काळा दोरा बाहेर काढला. त्यात लाकडी क्रूस होता. "बाप्तिस्म्याच्या दिवशी बांधतात," ती म्हणाली. "तुलाही कुणीतरी असाच बांधला असेल."

मी तिचे दोन्ही हात धरले. काही देऊ केलं तर तिनं मान हलवली. मुलीचा ताप अजून उतरला नाही, तिच्यासाठी प्रार्थना कर, म्हणाली. मी मुलीचं नाव विचारून घेतलं. ती बस पकडायला धावली. तिचा पत्ता मागायचं मला सुचलंच नाही.

गावी आल्यावर महाराजांनी लिंग हातात घेऊन पाहिलं. वरचा काळा लेप गरम पाण्यानं जागोजागी उडाला होता. त्यांनी नवा लेप दिला आणि तेच लिंग पुन्हा माझ्या गळ्यात बांधलं. आप्पा शेजारी बसले होते. रागाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

हा चमत्कार होता असं मी म्हणत नाही. एका कष्टकरी बाईनं एक वस्तू जपली, एवढंच घडलं. पण तिच्या हातून ते ज्यानं करवलं त्याला मी ओळखते, असं मला वाटतं. आता परभणीत नोकरी करते, सकाळी घाई असते, मन आजही भरकटतं. तरी पूजा संपताना त्या दूरच्या मुलीचं नाव घेते. ती बरी झाली का, आता केवढी असेल, मला माहीत नाही आणि कळायचा मार्गही नाही. पूर्वी अशा न कळण्यानं मी रात्रंदिवस पोखरून निघाले असते. आता तिचं नाव त्याच्या स्वाधीन करते, हात जोडते आणि जेवायला उठते.