मोरीमागचा अळू आणि डासांचं औषध

बाळांनो, तुमच्याकडे डास नसतात म्हणता, म्हणून हे लिहून ठेवते.

ऐंशीच्या दशकात आम्ही मुलुंडला राहायचो. बिल्डिंगच्या मागे सगळ्या मोऱ्यांचं पाणी जायचं आणि त्या पाण्यावर कमरेएवढा अळू माजला होता. एक पान हलवलं की डासांचा ढग उठायचा. तुमचे आजोबा सोसायटीचे सेक्रेटरी, पण कामं माझ्याकडे. मी महापालिकेत अर्ज केले, खेटे घातले, आणि एका दुपारी पाठीवर पंप घेतलेला माणूस खरोखरच आला! मला कोण आनंद! कुंपणाची मेंदी, घाणेरीची झुडपं, अळू, सगळं त्याने पानांच्या खालूनवरून भिजवलं. जाताना म्हणाला, "बाई, इथलं पान आता कुणी खायचं नाही हां. विषारी औषध आहे."

मी लगेच नोटीस लिहून फळ्यावर लावली. सुवाच्य, मुद्देसूद, खाली लाल रेघ. इंग्रजीत, कारण आमच्या नोटिसा इंग्रजीतच निघायच्या.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास मी मागे बघायला गेले. एकही डास नाही! टाळ्याच वाजवणार होते, तेवढ्यात खाली लक्ष गेलं. दहाबारा देठ सफाईने कापलेले, चीक सुकून काळा पडलेला. तो अळू कुणाच्याच मालकीचा नव्हता. ज्याला हवा त्याने न विचारता कापायचा, ही रीतच होती. आणि तळमजल्यावरच्या मालवणी मावशींकडे त्या दिवशी लेकीचं डोहाळजेवण!

मी धावत सुटले. पायातली एक चप्पल मागेच राहिली. दार उघडंच होतं, आत बायकांची दाटी, गाणी, हशा. पाटावर फुलांचे दागिने घातलेली मावशींची लेक, समोर भरलं ताट, आणि अळूवडी अगदी ओठांपाशी.

मी ती तिच्या हातातून हिसकावली.

गाणं तिथेच थांबलं. पोटुशीच्या हातातला घास कुणी काढतं का? मावशी उसळल्या, "गो बाय, माझ्या लेकीचो घास काढतंस? डोक्यार पडलंस काय?"

"मावशी, त्या अळूवर काल डासांचं औषध मारलंय! फळ्यावर नोटीस लावली होती मी."

"ती इंग्लिश चिठी? ती माका कोण वाचून दाखवतलो? तुझो घो?"

सगळ्या हसल्या, मी सोडून. "चुकलंच माझं," म्हटलं, "पण आधी सांगा, कुणी खाल्ली का?"

"पयलो घास तिचो. तिच्या आधी कोण खातलो?"

मी तिथेच फतकल मारून बसले. मावशींनी ताटातल्या, डब्यातल्या, सगळ्या वड्या उचलून फेकल्या. मग स्वयंपाकघरातल्या पातेल्यात डोकावल्या. चिंच-गुळाचं बरंचसं पीठ उरलं होतं, अळूला न लागलेलं. "बटाटे काप गो," त्यांनी मला फर्मावलं. मी कापले, त्यांनी त्या पिठात बुडवून तळले. घरभर असा वास सुटला की वरच्या मजल्यावरच्या बायकाही उतरल्या.

गरम भज्यांची बशी समोर आली, तरी लेक हात लावेना. तिने माझ्याकडे बघून तोंड उघडलं.

"घास काढून घेतलात ना काकू? मग आता तुम्हीच भरवा!"

मी फुंकर मारमारून भरवला.