एका दिव्याची रांग

हिल्मा रौतियोनं आयुष्यात एकदाच रांग मोडली, आणि तीही मेलेल्या आईसाठी.

फिनलंडच्या पार उत्तरेला, नदीच्या वळणावरच्या कूसिनिएमी गावात ही साधी गोष्ट नव्हे. तिथं दुकानात दोनच माणसं असली तरी रांग लागते, आणि दोघांमध्ये हातभर अंतर राहतं. या गावचं वाचनालय हिल्मानं एकतीस वर्षं सांभाळलं. बुटकी बाई, जाड काचांचा चष्मा, बारा महिने तोच राखाडी स्वेटर. कुणी पुस्तकाचं पान दुमडून आणलं, तर ती ते पान त्याच्यासमोर बोटानं सरळ करी, पण बोलत नसे. गाव म्हणे, किती शांत बाई! शांत कसली? एकवीस वर्षं तिनं एका माणसाचं एक वाक्य मनात जपून ठेवलं होतं आणि ते परत करायची वाट बघत होती.

तो माणूस म्हणजे ताइस्तो कुर्की, गावच्या पालिकेचा माजी अध्यक्ष. आता नुसता म्हातारा, पण गाव अजून त्याला ‘अध्यक्ष’च म्हणे.

एकवीस वर्षांपूर्वी गावच्या दवाखान्यात एक प्रकाशखोली होती. पांढरे पडदे, सहा खुर्च्या, समोर मोठे झगझगीत दिवे. नोव्हेंबरअखेर सूर्य गेला की तो जानेवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही, आणि तेवढे दिवस काही माणसं आतून विझतात. हिल्मा त्यांपैकी एक. रोज सकाळी अर्धा तास त्या दिव्यासमोर डोळे उघडे ठेवून बसली की तिचा दिवस निभावे. मग मंदी आली, आणि अध्यक्षमहाराजांची नजर त्या खोलीवर गेली. भरसभेत ते म्हणाले, “लोक पगारी वेळेत तिथं उन्हं खात बसतात. अंधार काय माझ्या आजोबांना नव्हता?” सभा हसली. आठवड्याभरात खोलीत मोडकी टेबलं भरली गेली. घरी ठेवायचे दिवे तेव्हा त्या भागात मिळतच नसत.

त्या डिसेंबरात हिल्मा अंथरुणाला खिळली. ताप नाही, दुखणं नाही. पाय जमिनीवर ठेवायचा एवढंच काम, आणि ते होईना. बारा किलोमीटरवर वृद्धाश्रमात तिची आई, लेम्पी, शेवटच्या घटका मोजत होती. तीन दिवस फोन वाजत राहिला. हिल्मा तो ऐकत पडून राहिली. आई तिथं प्रत्येकाला एकच विचारत होती, “हिल्मा आली का?” तिसऱ्या दिवशी विचारणारीच गेली.

दफनानंतरच्या कॉफीला अख्खं गाव होतं. ताइस्तोनं वेलदोड्याचा गोड पाव कॉफीत बुडवला आणि तो शेजाऱ्याला म्हणाला, हिल्माला ऐकू जाईल अशा बेतानं, “उठायचं मनात असलं की माणूस उठतो.”

हेच ते वाक्य.

पुढं काळ बदलला. हिल्मानं स्वतःसाठी दिवा घेतला, आणि वाचनालयातून लोकांना घरी न्यायलाही दिवे द्यावेत म्हणून पालिकेच्या मागे लागली. ताइस्तोची तेव्हा शेवटची कारकीर्द. त्यानं कुरकुरत मंजुरी दिली, पण अटी स्वतः सांगून लिहवून घेतल्या: एकच दिवा. तीन आठवडे. मुदतवाढ नाही. आणि कोणीही, मग तो कितीही मोठा असो, रांग मोडणार नाही. हिल्मानं तो कागद काचेत घालून टेबलामागं टांगला. लोकांना वाटलं, नियमांची भोक्ती आहे बाई.

मग लेम्पीला जाऊन एकवीस वर्षं होत आली, त्या वर्षी फेब्रुवारीत ताइस्तोची बायको गेली, आणि नोव्हेंबरात एका सकाळी वाचनालय रिकामं झाल्याचं बघून तो आत आला. टोपी हातात. दाढी वाढलेली. उगाच मासेमारीची दोन पुस्तकं चाळली.

“तो दिवा आहे ना तुझ्याकडं,” तो शेवटी म्हणाला, “एका ओळखीच्या माणसाला हवाय.”

“ओळखीच्या माणसाचं नाव?”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. “माझंच लिही.”

दिवा आता दुकानातही मिळतो. पण दुकानातून घेतला असता तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं, आणि टपालानं मागवला तरी पार्सल त्याच दुकानात येतं. वाचनालयातली बाई मात्र कोण काय नेतं ते सांगत नाही, हे ताइस्तोला पक्कं ठाऊक होतं.

“आता एर्कीकडं आहे, बसच्या ड्रायव्हरकडं,” हिल्मा म्हणाली. “त्याच्यानंतर तुम्हीच. आठ डिसेंबर.”

तो गेला. दार लागेपर्यंत हिल्मानं वाट बघितली. तिनं खालचा खण उघडला. तिथं आईचं वाचनालयाचं कार्ड होतं. लेम्पी रौतियो हे नाव तिनं यादीतून कधी काढलंच नव्हतं. तिनं ते रांगेत घातलं. एर्कीच्या खाली, ताइस्तोच्या वर. असं काही आपण करू, हे सकाळी कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं. आता मात्र तिला इतकं बरं वाटलं की तिनं कॉफीचा दुसरा कप केला.

आठ तारखेला, वाचनालय उघडायच्या वेळी, ताइस्तो दारात हजर. तोवर सूर्य जाऊन दहा दिवस झाले होते. तो आणखी वाळला होता, कोटाची बटणं वरखाली लागली होती. टेबलामागच्या फळीवर दिवा ठेवलेला त्यानं बघितला आणि हात पुढे केला.

“तो राखून ठेवलाय,” हिल्मा म्हणाली.

“माझी तारीख आहे आज.”

“तुमच्या आधी एक नाव आहे.” तिनं दिव्यावरची चिठ्ठी त्याच्याकडं वळवली.

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “लेम्पी रौतियो,” तो हळू वाचत म्हणाला. “ही तुझी आई. ती तर...”

“वारली. एकवीस वर्षं झाली. तीन आठवडे दिवा तिचा. नियम तुमचेच आहेत, वाचून दाखवू का?”

या क्षणाची तिनं किती वेळा उजळणी केली होती! तो टेबलावर मूठ आपटणार, पालिकेत तक्रार करतो म्हणणार, मग ती त्याला त्याचं वाक्य ऐकवणार. पण ताइस्तो काहीच करेना. त्यानं चिठ्ठीकडं बघितलं, मान हलवली.

“बरं,” तो म्हणाला. “थांबतो मी.”

आणि खरंच थांबला. वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात, त्या न पेटवलेल्या दिव्यासमोरच्या खुर्चीत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. पेपर उघडायचा, पान उलटायचं नाही. दुपारी उठून जायचं. हिल्मा चिडली, भयंकर चिडली. एवढी वर्षं राखलेलं वाक्य ओठांवर घेऊन ती त्याच्या जवळून जाई, आणि त्याचे डोळे बघितले की तोंड मिटे. दया आली म्हणून नव्हे. ते डोळे तिच्या ओळखीचे होते. तिनं स्वतः आरशात ते बघितले होते. असल्या माणसाला सुई टोचली तरी समजत नाही. याला शिवी काय आणि शाप काय, सारखंच. मग उट्टं काढायचं तरी कुणावर?

चौदाव्या दिवशी खुर्ची रिकामी राहिली.

साफसफाईला येणारी ताइमी बादली टेकवत म्हणाली, “अध्यक्ष नाही आला आज? येता येता बघितलं मी, बाहेर जाताना दाराला आडवी लावतो ती केरसुणी लावलेली नाही. म्हणजे घरातच आहे. पण धुराड्यातून धूर नाही, आणि वाटेवर गुडघाभर बर्फ तसाच. दिवस भरले की काय म्हाताऱ्याचे?”

“एवढ्यात नाही,” हिल्मा म्हणाली.

“तुला गं काय माहीत?”

“मला अजून त्याच्याशी बोलायचंय.”

एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिनं भर सकाळी वाचनालयाला कुलूप लावलं. दिवा आईच्या नावावर काढला, काखेत मारला, आणि नदीपलीकडं निघाली. दार उघडंच होतं. ताइस्तो भिंतीकडं तोंड करून पडला होता, पांघरुणाखालीही अंगात कोट. उशाशी फोन होता, त्यावर मुलीचे न उचललेले कॉल.

हिल्मानं आधी चूल पेटवली. मग त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढून काढलं.

“ऊठ, ताइस्तो.”

ती त्याला इतकी वर्षं ‘तुम्ही’ म्हणत आली होती. आज नाही.

“उठवत नाही गं,” तो भिंतीलाच म्हणाला.

“माहितीय मला उठवत नाही. म्हणून तर आलेय.”

तिनं त्याला काखेत हात घालून बसवलं, पाठीशी उशा कोंबल्या, हातभर अंतरावर स्टुलावर दिवा ठेवला आणि पेटवला. खोली झगझगली. म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले.

“उघडे ठेव. अर्धा तास. डोळे मिटले तर उपयोग होत नाही, हा डॉक्टरचा नियम आहे. तुला नियम आवडतात ना?”

ती दिव्याच्या अगदी बाजूला खुर्ची घेऊन बसली, म्हणजे त्याला दिव्याकडं बघताना तिचं तोंडही बघावं लागे. आणि ती सांगू लागली. आईच्या त्या तीन दिवसांतली पहिली रात्र. फोन किती वेळा वाजला. पाय पलंगाखाली सोडायला ती कशी मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजे, आणि दहा झाले की परत एकपासून. आश्रमातल्या नर्सनं नंतर काय काय सांगितलं. अर्धा तास झाला की तिनं दिवा बंद केला, त्याला लापशी घातली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पहिले तीन दिवस त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. चौथ्या दिवशी त्यानं लापशीत मीठ मागितलं. पाचव्या दिवशी नाताळ होता, तरी ती आली. सातव्या दिवशी त्यानं दाढी केली, मुलीचा फोन उचलला. ताइमी गावभर सांगत सुटली की हिल्माचं काळीज सोन्याचं आहे, वैऱ्याचीसुद्धा सेवा करते. हिल्मानं तिला बोलू दिलं.

नवव्या दिवशी, म्हणजे लेम्पीच्या पाळीच्या शेवटच्या सकाळी, ताइस्तो तिच्या आधी उठून टेबलाशी बसला होता. चूल त्यानंच पेटवलेली. दिवा लागला. हिल्मा सांगता सांगता तिसऱ्या दिवसापर्यंत आली, “आली का, आली का” म्हणत आईनं दाराकडं मान वळवली तिथपर्यंत, आणि म्हाताऱ्याचा हात वर गेला.

“पुरे,” तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. “हिल्मा, पुरे कर. मी काय बोललो होतो ते आठवतंय मला. कॉफीच्या वेळी. मी... देवा रे.” आणि तो दोन्ही हातांत तोंड घालून हुंदके देऊन रडू लागला.

हिल्मानं त्याच्याकडं नीट बघितलं. आत्ता कुठं तो जागा झाला होता. आत्ता त्याला लागत होतं. एकवीस वर्षांत तिला इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं, आणि माफ करावंसंही तिला अजिबात वाटलं नाही.

तिनं दिव्यावरची आईच्या नावाची चिठ्ठी काढून खिशात ठेवली आणि दुसरी चिकटवली: ताइस्तो कुर्की, तीन आठवडे.

“आजपासून तुझी पाळी,” ती म्हणाली. “हात काढ तोंडावरचे. अजून बारा मिनिटं बाकी आहेत.”