रेघ का हलली?

आमच्या केंद्रात दोन प्रकारच्या वह्या आहेत. एकीत रोजच्या नोंदी, दुसरीत त्या नोंदी का बिघडल्या त्याची कारणं. पहिली अजून निम्मी कोरी आहे, कारणांची मात्र तिसरी वही चालू आहे!

काम तसं साधं. सूर्यावर स्फोट झाला की दोन-तीन दिवसांनी पृथ्वीच्या चुंबकत्वात खळबळ माजते. ती कधी येणार याचा अंदाज मुख्य ऑफिस देतं. ती खरंच आली का, हे गंजाड गावाजवळच्या आमच्या खोलीतलं यंत्र कॉम्प्युटरवर रेघ काढून सांगतं. अट एकच, यंत्राजवळ लोखंड नको.

*

खोली बांधताना सुताराला पितळी खिळे आणून दिले. तरी दार हललं की रेघ हलायची. पाहतो तर बिजागऱ्या लोखंडी!

सुतार म्हणाला, "खिळे पितळेचेच मारलेत, सायेब. बिजागरीचं कुठं बोललात?"

*

मग रोज सकाळी नवाला रेघ उडी मारायला लागली. मुख्य ऑफिसातले सर खूष! "नवीनच प्रकार दिसतोय," म्हणून त्यांनी त्यावर बारा पानं लिहून काढली. तेवढ्यात मला कळलं, कासा गावाकडे जाणारी जीप आमच्या कुंपणाला खेटून सीटा भरते.

ड्रायव्हरला हटकलं तर म्हणे, "सावली तिथंच आहे, साहेब. तुमचं मशीन सरकवा ना!"

*

लक्ष्मणकाका आमचे वॉचमन. त्यांच्या कमरेला मागे लाकडी आकडी आणि आकडीत कोयता. "काका, कोयता!" असं मी दिवसातून दहा वेळा ओरडतो. ते शांतपणे कोयता गेटवर ठेवून येतात आणि पुटपुटतात, "कोयता नाय तर मानूस उघडा वाटतो, सायेब."

*

घरी वेगळीच कटकट. बायको म्हणते, "सूर्यावर काय चाललंय ते तुम्हाला कळतं. गॅस संपलाय ते कळत नाही!"

*

बारा पानं फुकट गेल्यावर सर स्वतः तपासायला आले. चाव्या, मोबाइल, पट्टा, सगळं गेटवर काढून घेतलं. तरी ते आत शिरले की रेघ हलायची, बाहेर आले की थांबायची. शेवटी त्यांनीच कबूल केलं, स्कूटरवरून पडल्यापासून मांडीत जुना स्टीलचा रॉड आहे.

लक्ष्मणकाकांनी गंभीरपणे विचारलं, "मंग पाय पन गेटावर ठेवायचा का?"

सर हसले नाहीत. जाताना बजावून गेले, "आता एक जरी खोटी खळबळ कळवलीत, तर केंद्र बंद!"

माझी बदली झाली असती. काकांचं काय? त्यांची नोकरी त्या गेटवरच होती. मला खरंच धास्ती बसली.

*

गेल्या वर्षी सूर्यावर मोठा स्फोट झाला. खळबळीचा अंदाज तिसऱ्या दिवशी रात्रीचा होता. त्या दिवशी रेघ भर दुपारीच सैरावैरा धावायला लागली!

मी ओरडत बाहेर आलो, "काका, कोयता!"

कोयता गेटवरच. जीपचा पत्ता नाही. काकांचे खिसे रिकामे. "शर्टाला पिन आहे?" काकांनी शर्ट काढला. मी आत धावलो. रेघ तशीच. "पॅन्टचा हूक?" मी आतूनच ओरडलो. रेघ काही थांबेना. आता हे कळवायचं कसं आणि न कळवायचं कसं? माझं रडायचं तेवढं बाकी होतं.

इतक्यात सरांचा फोन. "अहो, सगळ्या केंद्रांवर खळबळ चालू आहे! तुमचीच नोंद कुठंय? लगेच पाठवा!"

पाठवली. सरांचा निरोप आला, "शाब्बास." केंद्र वाचलं होतं! मी धावत गेटवर गेलो, "काका, खरी आहे! खरी!"

काका चड्डीवर उभे होते. समोर कासाहून परतलेली जीप थांबलेली, सगळ्या सीटा भरलेल्या.

"खरी हाय ना, सायेब?" काका म्हणाले. "मंग आता पॅन्ट घालू?"